कुंडलचा माळ

आपल्याकडे कारखानदारांची चरित्रे लिहिण्याची एक ठरावीक रीत पडून गेली आहे. चरित्रनायक ओढगस्तीच्या घरात जन्माला येतो, लहानपणीच त्याच्या अंगची चमक कोणा मास्तरांच्या नजरेस पडते, नोकरीत त्याचा जीव रमत नाही, भांडवलासाठी तो दारोदार हिंडतो, चारदा बुडतो, पाचव्या वेळी तरतो, आणि अखेरीस प्रतिकूल परिस्थितीवर मात करून कीर्तीच्या शिखरावर विराजमान होतो. ही चरित्रे मी लहानपणापासून आवडीने वाचत आलो, आजही वाचतो, आणि ज्यांनी ती कष्टपूर्वक लिहून ठेवली त्यांचे मराठी वाचकांवर फार मोठे ऋण आहे असे मनापासून मानतो. परंतु ह्या सगळ्या ग्रंथांतून 'परिस्थिती' हा शब्द एकाच अर्थाने येतो, हे जसजसे ध्यानात येऊ लागले तसतशी एक शंका मनात घर करू लागली. परिस्थिती म्हणजे वाटेत आडवी आलेली भिंत, नायकाने ओलांडून जावयाची खाई. ह्यापलीकडे तिला तेथे स्थान नाही. ज्या जमिनीवर पाय रोवून नायकाने ती भिंत ओलांडली, ती जमीनही परिस्थितीच होती, आणि ती कोणी, केव्हा, कोणत्या हेतूने सिद्ध करून ठेवली होती, ह्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. ती विचारपूस करण्याचा प्रयत्न पुढील पानांत आहे.

ह्या विषयासंबंधी लोकांत आणखी एक समजूत आढळते, ती दैववाद्यांची. 'त्याची वेळ चांगली होती' एवढ्या चार शब्दांत एखाद्याच्या तीस वर्षांच्या उद्योगाची वासलात लावून मोकळे होणारे लोक प्रत्येक गावच्या पारावर भेटतात. ह्या दोन्ही समजुती वरवर परस्परविरुद्ध भासल्या तरी दोहोंत एक साम्य आहे: वेळ म्हणजे नेमके काय, तिच्यात कोणकोणत्या वस्तू सामावलेल्या असतात, हे पाहण्याची तसदी दोन्ही पक्ष घेत नाहीत. वेळ ही आकाशातून पडत नाही. ती कायद्याच्या कलमांत असते, रेल्वेच्या मार्गात असते, जकातीच्या दरांत असते, कालव्याच्या पाण्यात असते, सात समुद्रांपलीकडील लढाईत असते, आणि कधी कधी एखाद्या लहानशा संस्थानच्या अधिपतीच्या मर्जीतही असते.

हे मला प्रथम स्पष्टपणे उमगले ते लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या हकीकतीवरून. तिची रूपरेषा बहुतेक मराठी वाचकांस ठाऊक असेल, तरीही ती येथे थोडी विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते; कारण ती आपण पुष्कळदा ऐकलेली असल्यामुळेच तिच्यातील अर्धा भाग आपल्या कानांवरून निसटून गेला आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्याच्या ओढीने ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस नीट उमगत नाही हे तेथे कळून आल्यावर त्यांनी रंगांचा नाद सोडला आणि यंत्रांच्या आराखड्यांकडे ते वळले, कारण तेथे रेषेला महत्त्व होते, रंगाला नव्हते. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांस शिक्षकाची नोकरी मिळाली. मुंबईत सायकली विकत घ्याव्या आणि बेळगावास वडील बंधू रामूअण्णांकडे विक्रीसाठी धाडाव्या, हा दोघा भावांचा पहिला व्यापार 1888 च्या सुमारास सुरू झाला. नोकरीत बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी मुंबई सोडली, बेळगावास लहानसा कारखाना थाटला, कडबा कापण्याची यंत्रे केली, आणि मग लोखंडी नांगराला हात घातला. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. आणि थोडा जम बसतो न बसतो तोच नगरपालिकेची नोटीस आली: गावाची वाढ व्हावयाची आहे, वस्तीसाठी जागा पाहिजे, कारखाना हलवा.

येथे क्षणभर थांबावे. हा मनुष्य तोच, त्याचे हात तेच, चिकाटी तीच, नांगराचा आराखडाही तोच. आणि तरीही त्या दिवशी बेळगावात त्याच्या पायांखाली वीतभर जमीन उरली नव्हती. ज्यास आपण कर्तृत्व म्हणतो ते सर्व जागच्या जागी शाबूत असूनही कारखाना बंद पडण्याच्या बेतात होता. त्यानंतर काही काळातच औंधाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, ज्यांची आणि लक्ष्मणरावांची ओळख औंधातील बांधकामाच्या निमित्ताने वाढलेली होती, त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल गावाजवळची, रेल्वे स्टेशनालगतची 32 एकर पडीक जमीन देऊ केली आणि 10,000 रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. मार्च 1910 मध्ये त्या माळावर, फड्या निवडुंगाच्या आणि सापांच्या राज्यात, किर्लोस्करवाडीचा पाया पडला.

आता कुंडलच्या त्या माळाकडे चरित्रकाराच्या दृष्टीने न पाहता जमाबंदीच्या कारकुनाच्या दृष्टीने पाहावे. 32 एकर नापीक जमीन. संस्थानच्या खजिन्यात तिच्यापासून जवळजवळ काहीच येत नव्हते. परंतु तिला लागून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा पुणे–बंगळूर फाटा जात होता, म्हणजे बीड-लोखंड आणि कोळसा दारात उतरवून घेता येत होता आणि तयार नांगर त्याच दारातून कर्नाटकापासून खानदेशापर्यंत धाडता येत होते. ही रेल्वे कोणी नांगराच्या कारखान्यासाठी आणलेली नव्हती. फौजा, टपाल, धान्य आणि कापूस ह्यांच्या वाहतुकीसाठी ती आखली गेली होती, आणि औंध संस्थानचे तुकडे ब्रिटिश मुलखात इतस्ततः विखुरलेले असल्यामुळे त्यांपैकी एका तुकड्यातून ती जावी हा केवळ नकाशाचा योग होता. औंधाच्या गादीवर 1909 मध्ये आलेला राजा स्वतः चित्रकार होता, कारागिरीची कदर असलेला होता, आणि आपल्या लहान मुलखात काही तरी उभे राहावे ह्या तळमळीने झपाटलेला होता. स्वदेशीच्या चळवळीने 1905 पासून लोकांच्या मनांत देशी मालाविषयी जी आस्था निर्माण केली होती तिचा उतारही अजून पडलेला नव्हता. ह्यांपैकी एकही गोष्ट लक्ष्मणरावांनी उत्पन्न केली नव्हती. पण ह्या साऱ्या गोष्टी एका ठिकाणी, एका वेळी येऊन मिळाल्या आहेत हे ज्याने ओळखले तो मनुष्य मात्र तेच होते.

नांगराविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण तो प्रत्यक्ष न पाहिलेल्या वाचकास त्या काळच्या शेतकऱ्याचा विरोध हा निव्वळ अडाणीपणा वाटण्याचा संभव आहे. माझ्या आजोळी गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेला एक जुना लोखंडी नांगर मी लहानपणी अनेकदा पाहिला आहे. त्याला हात लावला म्हणजे तळव्याला तांबूस गंज लागत असे, आणि त्याचा वाकडा पंखा, जो माती कापून तिची पालथी घडी घालतो, तो इतका गुळगुळीत झालेला होता की तेवढ्या भागावर गंजही चढलेला नव्हता. शेजारी बाभळीचा जुना लाकडी नांगर असे. दोघांतला फरक एका दृष्टीत कळे: लाकडी नांगर जमीन चिरीत जातो, लोखंडी नांगर ती उलटी करतो. काळ्या जमिनीतील हरळी आणि कुंदा ह्यांची मुळे हातभर खोल असतात. ती वर काढून उन्हात वाळवावयाची तर जमीन उलटीच केली पाहिजे. परंतु त्यासाठी सहा-आठ बैल जुंपावे लागत, आणि एवढे बैल एका घरी कोठून असणार? म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी इर्जिक घालावी, सगळ्यांचे बैल एकत्र करावे, ज्याच्या शेतात नांगरट त्याने सर्वांस जेवू घालावे, अशी रीत होती. जेथे इर्जिकीची रीत जिवंत होती तेथे जड नांगर चालण्याची सोय आधीपासूनच होती.

शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन विषारी होते. ह्या बोलण्याला आपण हसतो. पण मला त्यामागे बरेच शहाणपण दिसते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्याच्या धान्यावर दुरुस्त करून देत असे, त्यास रोकड लागत नसे. लोखंडी नांगर रोखीने घ्यावयाचा, त्याचा फाळ झिजला तर नवा रोखीने आणावयाचा, आणि तो मिळेल की नाही ह्याची शाश्वती नाही. ज्याच्या घरात वर्षातून एकदाच, सुगीनंतर, चार नाणी खेळतात त्याने ह्या नव्या वस्तूस विष म्हणावे ह्यात नवल ते काय? तेव्हा नांगराचा खप वाढला तो केवळ त्याच्या गुणाने वाढला नाही. कापूस, भुईमूग आणि गूळ ह्यांसारख्या रोखीच्या पिकांमुळे शेतकऱ्याच्या हातात पैसा येऊ लागला होता. बैल, बियाणे आणि शेतीच्या इतर गरजांसाठी सरकारी तगाई देण्याची सोय 1884 च्या कायद्याने झालेली होती. आणि नांगराच्या झिजणाऱ्या भागांचा सुटा साठा गावोगावच्या विक्रेत्यांकडे ठेवण्याची दक्षता कारखान्याने घेतली तेव्हा कोठे तो 'विषारी' शब्द हळूहळू मागे पडला. ह्या तीन गोष्टींपैकी दोन बाहेरच्या होत्या, एकच कारखान्याची स्वतःची होती. परंतु ती एक नसती तर पहिल्या दोहोंचा लाभ कोणा परदेशी कंपनीस झाला असता.

नंतर 1914 सालचे महायुद्ध आले. इंग्लंडहून येणारे नांगर येईनासे झाले आणि देशी नांगराला मोकळे रान मिळाले, असे एका वाक्यात सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. मात्र ज्या आगबोटींतून नांगर येत नव्हते त्यांतूनच बीड-लोखंडही येत नव्हते, कोळशाची टंचाई होती, आणि रेल्वेचे डबे लष्कराच्या कामात गुंतले होते. एकाच लढाईने गिऱ्हाईक दारात आणून उभे केले आणि कच्चा माल दारातून काढून नेला. बाहेरच्या घटना ह्या क्वचितच निखालस अनुकूल किंवा निखालस प्रतिकूल असतात. बहुधा त्या एका हाताने देतात आणि दुसऱ्याने घेतात, आणि त्या देण्याघेण्याचा हिशेब ज्यास वेळेवर मांडता येतो तोच टिकतो. कारखान्याने पुढे उसाचे चरक केले, 1926 मध्ये पाणी खेचणारे पंप केले, आणि नांगरापुरते आपले भवितव्य बांधून ठेवले नाही.

औंध संस्थानच्याच आश्रयाने कराडजवळ 1916 मध्ये उभी राहिलेली ओगलेवाडी हा ह्याच गोष्टीचा दुसरा, आणि मला अधिक हळवा करणारा, अध्याय आहे. तोपर्यंत दिव्यांच्या काचा आणि चिमण्या बव्हंशी जर्मनी-ऑस्ट्रियाकडून येत. लढाई सुरू होताच तो माल थांबला आणि देशी काचकामाला वाव मिळाला. पुढे ह्याच वाडीतून निघालेला प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. आमच्या घरी तिन्हीसांजेला कंदिलाची काच पुसण्याचे काम आजीचे होते. चुलीतली बारीक राख फडक्यावर घेऊन ती हात आत घाली, काच फिरवीत फिरवीत काजळी काढी, आणि काच उजेडासमोर धरून एक डोळा मिटून पाही. तिच्या बांगड्या काचेला लागून जो किणकिण आवाज होई तो ऐकला म्हणजे आम्ही मुले खेळ टाकून घरात येत असू. त्या कंदिलाच्या उजेडात किती मुलांनी परीक्षांचा अभ्यास केला, किती तलाठ्यांनी दप्तरे लिहिली आणि किती दाण्यांची मापे मोजली गेली, ह्याची गणती होणार नाही. मग वीज आली. कोयनेचे वीजकेंद्र 1962 पासून चालू झाले. आणि ज्या नदीचे पाणी डोंगराच्या पोटातून नेऊन ती वीज निर्माण केली जाते ती कोयना कराडातच कृष्णेला मिळते, ओगलेवाडीपासून हाकेच्या अंतरावर. कंदिलाचे गुण तेच होते. पण वस्तू ज्या अंधारासाठी केली होती तो अंधारच ओसरू लागला, आणि त्याचे निमित्त पुन्हा त्याच खोऱ्यातून आले. हे लिहिताना माझ्या मनात खेद आहे, तरीही विजेविषयी तक्रार नाही, आजीलाही नव्हती.

आता ह्याहून मोठ्या आणि अधिक भयंकर उदाहरणाकडे वळतो. अमेरिकेत 1861 मध्ये यादवी युद्ध पेटले, उत्तरेकडील सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला, आणि त्यांची नजर मुंबईकडे वळली. मुंबई-ठाणे रेल्वे 1853 मध्येच सुरू झालेली होती आणि बोरघाटातून वर जाणारा मार्ग 1863 मध्ये खुला झाला. म्हणजे जगाला कापूस हवा झाला नेमक्या त्याच वर्षांत देशावरचा माल बंदरात आणण्याची वाट रुंद होत होती. चार वर्षांत मुंबईत जो पैसा आला त्याने शहराची बुद्धी फिरली. बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या, सगळ्यांचे भाग रोज चढत्या भावाने विकले जाऊ लागले. आणि 1865 च्या वसंतात युद्ध संपल्याची वार्ता येताच कापसाचे भाव कोसळले, पाठोपाठ भागांचे कोसळले, आणि 1 जुलै 1865 रोजी, वायद्यांची फेड करावयाच्या दिवशी, मुंबईच्या पेढ्यांपैकी कित्येक जमीनदोस्त झाल्या. ज्यांचा शब्द बाजारात कायदा मानला जाई ते प्रेमचंद रायचंदही त्यातून वाचले नाहीत. त्यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा आजही विद्यापीठाच्या आवारात ताठ उभा आहे.

मुंबईचा हा भाग बहुतेकांस माहीत असतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो देशावरचा भाग. भाव चढत होते तेव्हा सावकार शेतकऱ्यास हात सैल सोडून कर्ज देत होता, कारण तारण दरवर्षी वधारत होते. त्याच सुमारास जमिनीची फेरमोजणी होऊन शेतसारा वाढत होता. आणि भाव उतरल्यावर कर्ज व सारा दोन्ही तसेच राहिले, पीक मात्र अर्ध्या किमतीचे झाले. दहा वर्षांनी, 12 मे 1875 रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि खतेपत्रे, कर्जरोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. तो वणवा पुणे-नगरच्या अनेक गावांत पसरला. अमेरिकेतल्या तोफांचा आवाज सुप्याच्या बाजारात पोहोचावयास दहा वर्षे लागली, पण तो पोहोचल्यावाचून राहिला नाही. संधीविषयी लिहिणाऱ्याने ह्या वह्यांची राख विसरू नये, असे मला कळकळीने वाटते. कारण एकाच्या दारी जी संधी म्हणून येते ती दुसऱ्याच्या दारी जप्ती म्हणून येते, आणि दोन्ही दारांवर थाप देणारा हात एकच असतो.

लढाई किंवा अवर्षण ह्या गोष्टी कोणी आपल्या धंद्यासाठी ठरवून आणीत नाही. परंतु बाहेरच्या कारणांपैकी फार मोठा भाग माणसांनी, बैठकीत बसून, कागदावर सही करून निर्माण केलेला असतो. न्यायमूर्ती रानड्यांनी ही गोष्ट आपल्या लोकांस समजावून सांगितली. डेक्कन कॉलेजात 1892 मध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादन केले की अर्थशास्त्राचे नियम हे देशकालनिरपेक्ष नाहीत, आणि इंग्लंडास जे मुक्त धोरण मानवते ते हिंदुस्थानासारख्या मागे पडलेल्या देशास मानवेलच असे नाही. येथे सरकारने उद्योगास हात दिला पाहिजे. त्या विचाराची प्रचीती यावयास चाळीस वर्षे जावी लागली, आणि ती आली उसाच्या मळ्यात.

दख्खनचे कालवे दुष्काळनिवारणासाठी खणले गेले. ज्वारी-बाजरीस पाणी मिळावे आणि अवर्षणात माणसे मरू नयेत, हा त्यांचा हेतू होता. पण ज्या वर्षी पाऊस बरा होई त्या वर्षी शेतकरी कालव्याचे पाणी घेईना, पाणीपट्टी वसूल होईना, आणि कालवे तोट्यात चालत. बारमाही पाणी पिणारे आणि भरपूर पट्टी देणारे पीक एकच होते, ऊस. म्हणून दुष्काळासाठी आणलेले पाणी हळूहळू उसाकडे वळले, आणि कालव्याखालच्या मुलखात गुऱ्हाळे धडधडू लागली. सासवडच्या माळी समाजाने येथे जे केले त्यास मराठी उद्योगाच्या इतिहासात मानाचे पान मिळावयास पाहिजे. आपले गाव सोडून, नीरा आणि पुढे गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर खंडाने जमिनी घेत, बागाईतीचे पिढीजात ज्ञान सोबत नेत, ही कुटुंबे बिऱ्हाडबाजल्यासह सरकत गेली. मग 1930 च्या सुमारास जगभर मंदी आली आणि गुळाचे भाव इतके उतरले की गुऱ्हाळाचा खर्च निघेना. अशा वेळी 1932 मध्ये सरकारने साखर उद्योगास संरक्षण देणारा कायदा केला, जावाहून येणाऱ्या साखरेवर जबर जकात बसली, आणि देशातील साखर कारखान्यांची संख्या तीन-चार हंगामांत तिसाच्या आसपासवरून 130 च्या आसपास गेली. सासवडच्या माळ्यांनी अकलूजजवळ माळीनगरास आपला स्वतःचा कारखाना उभारला. पडलेला गुळाचा भाव आणि चढलेली साखरेवरची जकात ह्या दोन आकड्यांमधली फट त्यांस दिसली. आणि त्या फटीतून आत शिरण्यापुरते भांडवल त्यांनी आपसांत गोळा केले.

त्याच काळात वालचंद हिराचंदांनी रावळगावास आणि पुढे वालचंदनगरास साखर केली. त्यांच्याविषयी पुढे स्वतंत्र प्रकरण असल्याने येथे अधिक लिहीत नाही. पण लोणीच्या प्रयोगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविले, धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांनी 1924 मध्येच हिंदी उद्योगांच्या उत्क्रांतीवर ग्रंथ लिहिला होता, आपली प्रतिष्ठा आणि अभ्यास त्यामागे उभा केला, सरकारनेही भांडवलास हातभार लावला, आणि 1950 च्या अखेरीस प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्यात गाळप सुरू झाले. येथे परिस्थिती घडविणारे आणि तिचा लाभ घेणारे एकाच बैठकीत, एकाच सतरंजीवर बसले होते. आपल्याकडील उद्योगाच्या इतिहासात हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ह्याच कालव्यांनी आणि ह्याच उसाने पुढे शेजारच्या कोरडवाहू गावांच्या वाट्याचे पाणी कसे ओढले, हा प्रश्न वेगळा आहे आणि गंभीर आहे. एका प्रकरणात तो सविस्तर आला आहे.

आता एक अगदी लहान, जवळचे उदाहरण. माझ्या परिचयातील एका तरुणाने औद्योगिक वसाहतीत लहानशी शेड घेतली, कर्ज काढून दोन यंत्रे बसवली, आणि एका मोठ्या कारखान्यासाठी गाडीचा एक लहान भाग तो करू लागला. हाताला सफाई होती, माल कधी परत आला नाही. तीन वर्षांनी त्या कारखान्याने गाडीचा नमुना बदलला; नव्या नमुन्यात तो भागच नव्हता. शेडमध्ये तयार मालाचे क्रेट रचलेले होते, आणि तो त्यांवर हात ठेवून मला म्हणाला, "काका, माझं काय चुकलं ते तेवढं सांगा." मी त्यास उत्तर देऊ शकलो नाही, कारण त्याने कामात काहीच चुकविले नव्हते. आपण त्याला यंत्र चालवावयास शिकविले, हिशेब ठेवावयास शिकविले, चिकाटीच्या कथा वाचावयास दिल्या. एकाच गिऱ्हाइकावर आणि एकाच नमुन्यावर उभे राहणे म्हणजे काय, हे त्यास कोणी शिकविले नाही. ती उणीव त्याची नाही, आमची आहे, शिकविणाऱ्यांची आणि लिहिणाऱ्यांची आहे. हे पुस्तक लिहिताना तो तरुण सतत माझ्या डोळ्यांसमोर होता.

ह्या सर्व विवेचनावरून, माणसाचे काहीच चालत नाही, सारे बाहेरच ठरते, असा अर्थ कोणी काढू नये. कुंडलचा तो माळ त्याआधी शेकडो वर्षे तेथेच होता, आणि स्टेशनही लक्ष्मणराव येण्यापूर्वीच बांधलेले होते. त्या रस्त्याने कित्येक व्यापारी, कित्येक कंत्राटदार गाडीत बसून गेले असतील. त्यांनी खिडकीतून निवडुंग पाहिला असेल आणि पुन्हा डुलकी घेतली असेल. नगरपालिकेची नोटीस हातात घेऊन, बिऱ्हाड कोठे न्यावे ह्या विवंचनेत असलेल्या एका माणसाने तोच निवडुंग पाहिला आणि त्याला तेथे भट्टी दिसली. ते पाहणे बाहेरून येत नाही. आणि ते पाहणे एकदा खरे झाले म्हणजे त्याचा परिणाम बाहेरच्या जगावर होऊ लागतो, हेही त्याच माळावर दिसून येते: गाव वसले, शाळा झाली, बाग फुलली, 1920 मध्ये तेथून निघालेल्या एका नियतकालिकाने मराठी घरांतील वाचनाची आवड बदलली. पुणे-बंगळूर मार्गावरच्या त्या लहान स्टेशनाचे नाव आधी कुंडल रोड असे होते. आज गाडी तेथे थांबली म्हणजे फलाटावरच्या पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले दिसते.